सुरीविना शल्यक्रिया करणारा शल्यविशारद : लार्स लेक्सेल

१९५१ साली ‘ॲक्टा किरुर्गिका स्कँडिनाव्हिका’ या शल्यचिकित्सेला वाहिलेल्या नियतकालिकात अवघ्या चार पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. कवटी न उघडता, मेंदूला सुरीचा स्पर्शही न होऊ देता, केवळ प्रारणांच्या साहाय्याने मेंदूच्या गाभ्यातील एखादा ठरावीक भाग नष्ट करता येईल, अशी कल्पना त्यात मांडलेली होती. या कल्पनेला लेखकाने ‘रेडिओसर्जरी’ असे नाव दिले होते. लेखक होते दक्षिण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरीतील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आज जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत ‘गॅमा नाइफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचे बीज या चार पानांत होते. परंतु कल्पनेपासून यंत्रापर्यंत पोहोचण्यास लेक्सेल यांना जेवढा काळ लागला, त्याहून कितीतरी अधिक काळ ते यंत्र डॉक्टरांच्या मनात पोहोचण्यास लागला. लेक्सेल यांच्या चरित्राला या दुसऱ्या, अधिक संथ प्रवासाची किनार सतत लागलेली दिसते.

लार्स लेक्सेल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी स्वीडनमधील फेसबर्ग येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत घेतले आणि १९३५ मध्ये ते सेराफिमर रुग्णालयात प्रा. हर्बर्ट ओलिवेक्रोना यांच्या हाताखाली दाखल झाले. स्वीडनमधील मेंदूशल्यचिकित्सेचा पाया घालणारे ओलिवेक्रोना हे त्या काळी युरोपातील अग्रगण्य शल्यविशारद मानले जात. देशोदेशींचे रुग्ण त्यांच्याकडे येत असत. प्रसिद्ध हंगेरियन लेखक फ्रिजेश करिंथी यांच्या मेंदूतील गाठ १९३६ च्या मे महिन्यात ओलिवेक्रोना यांनीच काढली. ही शस्त्रक्रिया केवळ स्थानिक भूल देऊन करण्यात आली. कवटीवर चालणाऱ्या हत्यारांचा आवाज रुग्णाला ऐकू येत होता आणि तो शुद्धीवर होता. करिंथी यांनी या अनुभवावर पुढे पुस्तकही लिहिले. मात्र शस्त्रक्रियेनंतर दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

त्या काळातील सर्वोत्तम हातांनी केलेली मेंदूची शस्त्रक्रिया अशी होती. सीटी स्कॅन नव्हते, सूक्ष्मदर्शक लावून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत नव्हती. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढायचे आणि त्या पोकळ्या कोणत्या बाजूला ढकलल्या गेल्या आहेत, यावरून गाठीच्या जागेचा अंदाज बांधायचा, ही निदानाची रीत होती. गाठ मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असेल तर ठीक, पण ती खोलवर असेल तर तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतील निरोगी मेंदू बाजूला सारावा लागे आणि त्याची किंमत रुग्णाला पक्षाघाताने, वाचा जाण्याने, पुष्कळदा प्राणांनीही चुकवावी लागे. तरुण लेक्सेल यांनी ही शल्यविद्या मनापासून आत्मसात केली. पण तिच्यातील ओबडधोबडपणा त्यांना सतत सलत राहिला. हत्यार नाजूक हवे, हा ध्यास त्यांना याच शस्त्रक्रियागृहात लागला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

या ध्यासाचे पहिले फळ युद्धभूमीवर मिळाले. १९३९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या आणि त्या हिवाळी युद्धात लेक्सेल स्वयंसेवक शल्यविशारद म्हणून गेले. पाठीच्या कण्यात गोळ्या व धातूचे तुकडे रुतलेले सैनिक त्यांच्यासमोर येत. कण्याचे हाड थोडे थोडे कुरतडून, आतील मज्जारज्जूला धक्का न लावता तुकड्यापर्यंत पोहोचणे हे काम तेव्हाच्या चिमट्यांनी नीट होत नसे. हाताच्या थोड्या जोराने हाडावर मोठा, पण पूर्ण ताब्यातील दाब देणारा दुहेरी सांध्याचा चिमटा त्यांना तेथे सुचला. ‘लेक्सेल रॉन्जर’ या नावाने तो आजही मेंदू व कण्याच्या शस्त्रक्रियांत वापरला जातो. गंमत अशी, की हा चिमटा रोज हातात घेणाऱ्या कित्येकांना लेक्सेल हे नाव तेवढ्यापुरतेच ठाऊक असते.

युद्धातून परतल्यावर ते काही काळ प्रयोगशाळेत रमले. पुढे १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॅग्नर ग्रानिट यांच्याबरोबर त्यांनी स्नायूंकडे जाणाऱ्या अतिशय बारीक मज्जातंतूंचा अभ्यास केला. स्नायूंचा ताण नियंत्रित करणाऱ्या, ‘गॅमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंतूंचे कार्य त्यांच्या १९४५ च्या प्रबंधाने स्पष्ट झाले. या ग्रीक अक्षराचा आणि पुढच्या गॅमा किरणांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग होय. पण एवढा एकच प्रबंध लिहून ते थांबले असते, तरी शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात त्यांना जागा मिळाली असती.

१९४६ मध्ये लेक्सेल लुंडला गेले आणि तेथे त्यांनी मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला. फिलाडेल्फियात अर्न्स्ट स्पीगेल आणि हेन्री वायसिस या जोडीने माणसाच्या मेंदूसाठी ‘स्टिरिओटॅक्सी’चे पहिले उपकरण नुकतेच वापरात आणले होते. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी गाव शोधावे, तसे डोक्याभोवती पक्क्या बसवलेल्या चौकटीवरील तीन मापांनी मेंदूतील कोणताही बिंदू निश्चित करायचा, असे हे तंत्र. लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये ते प्राण्यांसाठी बनवले होते. माणसापर्यंत यायला त्याला जवळजवळ चार दशके लागली.

लेक्सेल यांनी मायदेशी परतून स्वतःचे उपकरण तयार केले आणि १९४९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या उपकरणात एक अर्धवर्तुळाकार कमान होती आणि मेंदूतील लक्ष्यबिंदू नेमका या कमानीच्या केंद्रस्थानी यावा, अशी तिची रचना होती. त्यामुळे कमानीवरील कोणत्याही ठिकाणाहून सुई आत सोडली तरी ती त्याच बिंदूवर पोहोचे. बैलगाडीच्या चाकाचा आरा कोणताही घ्या, तो अखेर तुंब्यालाच जाऊन मिळतो, तसेच हे. शल्यविशारदाला गणिताच्या जंजाळात न पडता वाट निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि हीच चौकट, काळानुरूप सुधारणा होत, पुढे देशोदेशी पोहोचली.

रेडिओसर्जरीचे तत्त्व या कमानीतूनच जन्मले. सुई कोणत्याही दिशेने आली तरी एकाच बिंदूवर पोहोचते, मग सुईच्या जागी किरणांची बारीक शलाका घेतली तर? एकच तीव्र शलाका सोडली तर वाटेतील मेंदूही जळेल. पण निरनिराळ्या दिशांनी अनेक मंद शलाका सोडल्या, तर त्यांतील प्रत्येक शलाका वाटेतील पेशींना फारशी इजा न करता पुढे जाईल आणि सगळ्या मिळून जेथे एकवटतील, तेथेच परिणाम घडेल. भिंगातून एकवटलेल्या उन्हाने कागदावरचा एकच ठिपका जळावा आणि आजूबाजूचा कागद कोरा राहावा, त्यातलाच हा प्रकार.

सर्वसाधारण किरणोपचाराहून ही गोष्ट मुळातच वेगळी होती आणि हा फरक डॉक्टरांनाही पटवून द्यावा लागला. आपल्याकडे लोकांच्या तोंडी ज्याला ‘शेक देणे’ म्हणतात, त्या उपचारात एका मोठ्या भागाला रोज थोडी थोडी मात्रा अनेक आठवडे दिली जाते. निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या वेळात स्वतःला सावरतात, कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही, या भेदावर तो उपचार आधारलेला आहे. लेक्सेल यांच्या पद्धतीत असा भेद पेशींवर सोपवलेला नव्हता. भेद करायचा होता तो जागेच्या अचूकतेने. मोठी मात्रा, एकाच बैठकीत, मिलिमीटरच्या हिशेबाने ठरवलेल्या जागी. म्हणून त्यांनी तिला थेरपी न म्हणता सर्जरी म्हटले. शल्यविशारदाने ठरवायचे, शल्यविशारदाने मोजायचे, फक्त हातात सुरी नाही. हे नाव त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. पण शल्यविशारदांना ते किरणांचे काम वाटले आणि किरणोपचारतज्ज्ञांना ते शल्यविशारदाचे अतिक्रमण वाटले. दोन शाखांच्या सीमेवर जन्मलेल्या मुलाला दोन्ही घरे परकी वाटावीत, तशी रेडिओसर्जरीची अवस्था पुष्कळ वर्षे होती.

आरंभी लेक्सेल यांनी आपल्या कमानीला क्ष-किरणांची नळीच जोडली. १९५३ मध्ये ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेने त्रस्त असलेल्या दोन रुग्णांवर त्यांनी हा उपचार केला. वारा लागला, घास चावला, दात घासले, एवढ्या कारणानेही विजेचा झटका बसावा तशी कळ या विकारात येते. दोन्ही रुग्णांना दीर्घकाळ आराम पडला. लेक्सेल यांनी या दोघांविषयीचा लेख मात्र प्रसिद्ध केला १९७१ मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी. परिणाम टिकतो की नाही हे पाहिल्याविना बोलायचे नाही, हा त्यामागील संयम कौतुकास्पदच आहे. पण मधल्या अठरा वर्षांत या विकाराने तळमळणाऱ्यांच्या डॉक्टरांना असा काही मार्ग असू शकतो, याची वार्ताही नव्हती, ही या संयमाची दुसरी बाजू होय.

क्ष-किरण नळीची भेदकता अपुरी पडते, हे लेक्सेल यांच्या लवकरच ध्यानी आले. मग त्यांनी उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्याशी हातमिळवणी केली. तेथील सायक्लोट्रॉनमधून निघणाऱ्या प्रोटॉनांच्या शलाकेने प्रथम प्राण्यांवर आणि नंतर काही रुग्णांवर प्रयोग झाले. १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा वृत्तांत आला. प्रोटॉनांची अचूकता उत्तम होती, पण सायक्लोट्रॉन हे भौतिकशास्त्राच्या संस्थेतील अवाढव्य यंत्र. रुग्णाला तेथे न्यायचे, यंत्राची वेळ मिळवायची, अभियंत्यांची फौज जमवायची, हे रोजच्या रुग्णसेवेत शक्य नव्हते. रुग्णालयाच्या एका खोलीत मावेल आणि शल्यविशारदाला स्वतः वापरता येईल असे साधन हवे, या निष्कर्षावर लेक्सेल आले. अनेक पर्याय पारखून त्यांनी कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी मूलद्रव्य निवडले. ते आपणहून, अखंड, ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण देते आणि त्यात बिघडण्यासारखे फिरते भाग नाहीत. सुमारे सव्वापाच वर्षांत त्याची तीव्रता निम्म्यावर येते, एवढीच काय ती अडचण.

याच लुंडच्या काळात त्यांनी इतरही दोन कामे केली आणि त्यांतील एकाची हकीकत वैद्यकीय ज्ञान कसे हरवते याचे उदाहरण म्हणून मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पहिले काम श्राव्यातीत ध्वनीचे. लुंडमध्येच एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या तपासणीसाठी हे तंत्र वापरायला सुरुवात केली होती. लेक्सेल यांनी ते डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी वापरले. मेंदूची मध्यरेषा एका बाजूला सरकली असेल तर आत रक्त साठले आहे, हे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ओळखता येऊ लागले. सीटी स्कॅन येईपर्यंत अनेक अपघातग्रस्तांना या तपासणीचा आधार मिळाला.

दुसरे काम कंपवाताचे. मेंदूच्या खोल भागातील ‘ग्लोबस पॅलिडस’ या केंद्रातील छोटासा भाग नष्ट केला तर कंपवाताच्या रुग्णाचा ताठरपणा, मंदपणा आणि थरथर कमी होते, हे ठाऊक होते. पण नेमका कोणता भाग, याविषयी एकवाक्यता नव्हती. लेक्सेल यांनी जागा बदलत बदलत या केंद्राचा मागील-खालचा भाग निश्चित केला. तेथे शस्त्रक्रिया झालेल्या २० रुग्णांपैकी १९ जणांना दीर्घकाळ गुण आला. परंतु लेक्सेल यांना लेखनाचा कंटाळा. हा सारा अनुभव १९६० मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, स्वेन्निल्सन यांचे नाव अग्रभागी असलेल्या लेखातून प्रसिद्ध झाला. काही वर्षांतच लेव्होडोपा हे औषध आले, कंपवाताच्या शस्त्रक्रिया मागे पडल्या आणि हा लेख ग्रंथालयांच्या फडताळात जाऊन बसला. औषधाचे दुष्परिणाम दिसू लागल्यावर डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करू लागले, तेव्हा लॉरी लायटिनेन यांनी १९९२ मध्ये लेक्सेल यांच्या नावानिशी ही पद्धत पुन्हा मांडली आणि ती जगभर गाजली. तीस वर्षे ती छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती वाचलेले आणि लक्षात ठेवलेले डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

१९६० मध्ये गुरू ओलिवेक्रोना निवृत्त झाले आणि कॅरोलिन्स्कातील त्यांच्या आसनावर लेक्सेल यांची नियुक्ती झाली. युरोपातील एका मानाच्या पदावर आलेला हा प्राध्यापक आता कवटी न उघडण्याचा मार्ग शोधत होता, यातील विरोधाभास त्यांच्या समकालीनांना जाणवल्याशिवाय राहिला नसेल. १९६७-६८ च्या सुमारास स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट या रुग्णालयात पहिले गॅमा यंत्र सुरू झाले. जाड धातूच्या कवचात अर्धगोलाकार रचनेत बसवलेले कोबाल्टचे १७९ स्रोत आणि प्रत्येकाची शलाका एकाच केंद्रबिंदूवर रोखलेली. रुग्णाच्या डोक्याला स्थानिक भूल देऊन चौकट बसवायची, मापे घ्यायची आणि गाठ किंवा इच्छित जागा बरोबर त्या केंद्रबिंदूवर येईल अशा रीतीने डोके यंत्रात ठेवायचे. टाके नाहीत, रक्तस्राव नाही, जंतुसंसर्गाचे भय नाही. रुग्ण जागा असतो आणि एक-दोन दिवसांत चालत घरी जातो.

येथे नियतीने लेक्सेल यांची थट्टा केली असेच म्हणावे लागेल. हे पहिले यंत्र त्यांनी मुख्यतः हट्टी वेदना, कंप आणि काही तीव्र मनोविकार यांसाठी योजले होते. मेंदूतील एखाद्या मार्गावर चकतीच्या आकाराचा छोटा छेद निर्माण व्हावा, अशाच पद्धतीने त्याच्या शलाका आखलेल्या होत्या. पण कंपाचे रुग्ण लेव्होडोपाने नेले. मनोविकारांसाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याविषयी समाजात तीव्र नापसंती निर्माण झाली आणि ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही, कारण लोबोटॉमीच्या नावाखाली झालेले अनर्थ लोकांच्या स्मरणात ताजे होते. वेदनेच्या उपचारातही अपेक्षित यश येईना. यंत्र तयार झाले आणि ज्या रुग्णांसाठी ते बनवले ते रुग्णच उरले नाहीत, अशी वेळ आली.

यंत्राला तारले ते दुसऱ्याच विकारांनी. १९६९ मध्ये श्रवणाच्या मज्जातंतूवर वाढणाऱ्या सौम्य गाठीवर स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा हा उपचार झाला. ही गाठ कर्करोगाची नसते. पण चेहऱ्याचा मज्जातंतू तिला अगदी चिकटून असतो आणि सुरीने गाठ काढताना त्याला इजा झाली तर अर्धा चेहरा लुळा पडतो. किरणांनी गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते, पुष्कळदा ती आक्रसतेही. आणि रुग्णाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते. १९७० मध्ये लेक्सेल यांचे सहकारी लॅडिस्लाउ स्टायनर यांनी मेंदूतील धमन्या व शिरांच्या जन्मजात गुंत्यावर हा उपचार केला. असा गुंता केव्हाही फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. किरणांच्या माऱ्याने त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड होत जातात आणि दोन-तीन वर्षांत तो आतून बंद होतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास कॅरोलिन्स्कात बसवलेले दुसरे यंत्र गोलाकार लक्ष्यांसाठी, म्हणजे गाठी व गुंत्यांसाठीच आखलेले होते. दरम्यान हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने मेंदूचा अंतर्भाग प्रत्यक्ष दाखवायला सुरुवात केली आणि पुढे एमआरआयही आले. आपले लक्ष्य डोळ्यांनी दिसू लागण्याआधीच लेक्सेल यांनी त्यावर नेम धरणारे यंत्र बनवून ठेवले होते!

एका शोधाची कथा तर अगदीच आनुषंगिक आहे. ट्रायजेमिनल मज्जातंतूवर किरणांचा नेम धरता यावा म्हणून त्याभोवतीच्या पोकळीत धातूची पूड ग्लिसरॉलमध्ये मिसळून सोडण्याची युक्ती स्टॉकहोममध्ये वापरली गेली. पण कित्येक रुग्णांची वेदना किरण देण्यापूर्वीच थांबली. गुण आला होता तो ग्लिसरॉलचा. स्टेन हाकान्सन यांनी १९८१ मध्ये हा उपचार स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला आणि तो आजही वापरात आहे.

एवढे होऊनही रेडिओसर्जरी जगात पसरेना. लेक्सेल यांनी १९७२ मध्ये आपले पुत्र लॉरेंट यांच्यासमवेत ‘इलेक्टा’ ही कंपनी स्थापन केली. ते स्वतः १९७४ मध्ये निवृत्त झाले, तरी काम चालूच होते. मात्र १९८५ अखेर स्वीडनबाहेर ही यंत्रे मोजकीच होती. पहिले जुने यंत्र लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेले होते, ब्युनॉस आयर्स आणि शेफील्ड येथे नवी बसवली गेली होती. डॉक्टरांच्या अनास्थेमागे केवळ अज्ञान होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही आक्षेप सबळ होते. गाठीचा तुकडा हाती येत नसल्याने सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात तपासता येत नाही. परिणाम दिसण्यास महिने, वर्षे लागतात आणि धमन्यांचा गुंता तोवर फुटण्याचा धोका कायम राहतो. साधारण तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीला पुरेशी मात्रा सुरक्षितपणे देता येत नाही. किरणांचे दूरगामी दुष्परिणाम काय होतील, हे कळण्यास काळच जावा लागणार होता. परंतु या आक्षेपांचा विचार करून उपचार नाकारणारे थोडे होते. बहुसंख्य डॉक्टरांनी शिक्षण घेताना हा विषय ऐकलेलाच नव्हता आणि जे ऐकलेले नाही ते रुग्णाला सुचवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हा प्रसार झाला तो मुख्यतः प्रत्यक्ष पाहून गेलेल्या तरुणांमुळे. लेखनात मागे राहणारे लेक्सेल शिकवण्यात मात्र उदार होते आणि स्टॉकहोमला येणाऱ्या परदेशी शल्यविशारदांना त्यांचे दार खुले होते. अमेरिकेतून डेड लन्सफर्ड १९८० च्या सुमारास तेथे येऊन राहिले आणि परत गेल्यावर त्यांनी पिट्सबर्गमध्ये हे यंत्र आणण्यासाठी काही वर्षे खटपट केली. १९८७ मध्ये तेथे २०१ स्रोतांचे यंत्र सुरू झाले आणि मग अमेरिकेत व इतरत्र त्याची मागणी वाढत गेली. १९८५ मध्ये आलेल्या जॉन ॲडलर यांनी डोक्याला चौकट न लावता, यंत्रमानवाच्या हाताने शलाका रोखणाऱ्या ‘सायबरनाइफ’ची निर्मिती पुढे केली.

पिट्सबर्गचे यंत्र लेक्सेल यांना पाहता आले नाही. १२ जानेवारी १९८६ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या परिसरात फिरायला गेले असताना त्यांचे निधन झाले.

भारतात पहिला गॅमा नाइफ आला १९९७ मध्ये, मुंबईतील माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही हे यंत्र बसले. लेक्सेल यांच्या चार पानी लेखाला तेव्हा ४६ वर्षे झाली होती. त्यानंतर गॅमा नाइफबरोबरच रेखीय त्वरक आणि सायबरनाइफ यांच्या साहाय्यानेही देशातील अनेक शहरांत रेडिओसर्जरी होऊ लागली. यंत्रांची वाण राहिली नाही असे नव्हे, पण यंत्रापाशी रुग्ण पोहोचण्याच्या वाटेवर जी माणसे उभी असतात, त्यांच्यापर्यंत ही माहिती अजूनही पुरेशी झिरपलेली नाही. मेंदूशल्यचिकित्सा ही आपल्याकडे पदवीनंतरची अतिविशेष शाखा आणि किरणोपचार ही तिसरीच शाखा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दोन्हींचे ओझरते दर्शन होते आणि त्यांच्या सीमेवरच्या रेडिओसर्जरीचे तर तेवढेही होईलच असे नाही. ‘नाइफ’ या शब्दामुळे ती कवटी उघडण्याचीच एखादी आधुनिक रीत असावी, असा समज शिकलेल्यांतही आढळतो. दुसऱ्या टोकाला, ती कोणत्याही गाठीवरचा रामबाण उपाय असल्याचा ग्रह करून घेऊन, शस्त्रक्रियेने आज वाचू शकणारा मोठ्या गाठीचा रुग्ण मौल्यवान दिवस दवडतो.

रेडिओसर्जरीचा लाभ होऊ शकणारा रुग्ण पहिल्या दिवशी मेंदूशल्यविशारदाकडे जात नाही, ही यातील खरी अडचण. श्रवणमज्जातंतूवर गाठ असलेल्याला एका कानाने कमी ऐकू येते, कानात सतत गुणगुण होते, म्हणून तो कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जातो. वाढत्या वयाचे लक्षण समजून कधी ते सोडूनही दिले जाते. मेंदूत धमन्यांचा गुंता असलेल्या तरुणाला एके दिवशी फिट येते आणि तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर त्याला फिटच्या गोळ्या सुरू करतात. मेंदूचे चित्र काढले जाईलच याची खात्री नसते. आणि ज्या विकारावर लेक्सेल यांनी १९५३ मध्ये पहिल्यांदा किरणांची शलाका रोखली, त्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे रुग्ण जबड्यातून कळ येते म्हणून आजही पुष्कळदा प्रथम दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसतात. एक दाढ काढली जाते, कळ थांबत नाही, मग शेजारची काढली जाते. दुखणे दातांचे नसून मज्जातंतूचे आहे, ही शंका येईपर्यंत त्यांतील काहींचे तीन-चार चांगले दात गेलेले असतात.